लोणावळ्याला बँकर सुटतो

लोणावळा, ता. ५ डिसेंबर १९३८

मकसूद,

दुवा. सलाम तुझ्याकडून यायचा, तो तुझ्यापाशीच राहू दे.

ईदच्या दुसऱ्या दिवशी पाय आपटत गाडीत बसलास, त्यानंतर भुसावळला पोचल्याचं कार्डसुद्धा नाही. नको टाकूस. तू लिहीत नाहीस म्हणून माझी दौत वाळणार नाही. वाचायचं नसेल तर चुलीत घाल, तेवढाच नसीमला जाळ.

नसीमवरून आठवलं. तुझी ही नवी बायको पोरीला जवळ घ्यायला गेली आणि हसिना तिला चावली, ते वाईटच झालं. तिच्या मनगटावर दातांचे वळ उठलेले मी पाहिले. ती हूं की चूं करेना, तेही पाहिलं. बोललास तू. "अब्बा, हे जनावर माझ्या घरात येणार नाही. तुमच्यामागं हिची जागा यतीमखान्यात." लेका, बाप जिवंत असताना पोरीला यतीम, अनाथ करतोस? रागात बोललास, कबूल. पण बोललास, आणि ते माझ्या कानातून निघत नाही.

हुस्नबानोला उचलून नेलं तेव्हा हसिना दोन वर्षांची होती. तू मय्यतीबरोबर पुढं होतास, मी दारात होतो. आई गेली त्या वाटेकडं बघत पोरीनं माझ्या डाव्या हाताचं बोट धरलं, ते आजतागायत सोडलेलं नाही. न्हाव्याकडं गेलो तरी ती बरोबर, नमाजाआधी वजू करायला, हातपाय धुवायला बसलो तरी ती बरोबर. दुसरं माणूस जवळ आलं की किंचाळते, नाहीतर चावते. तुला हे सगळं ठाऊक आहे. पुन्हा लिहितो, कारण तुला वाटतं मी लाडानं नासवली. अरे, मी जन्मभर काय केलं? याच स्टेशनात बँकर सोडले. कर्जतहून घाट चढायला गाडीच्या पाठीला जे इंजिन लावतात, ते इथं वर आल्यावर साखळी काढून मोकळं करायचं, हेच माझं काम. एवढाली लोखंडी धुडं मी सोडवली आणि आता चार वर्षांच्या पोरीच्या मुठीतून एक बोट सुटेना. कपाळ माझं!

परवा शेजारच्या धोंडाबाईनं मला अंगणातच धरलं. "आबा, तुमी काय अमरपट्टा घिऊन आलायसा व्हय? पोरीला मानसांची सवय लावा. त्या लीलाबाईकडं घाला." लीलाबाई म्हणजे पुण्याहून आलेली एक बाई. खंडाळ्याच्या रस्त्याला एका शेटजीच्या बंगल्यामागं जुना तबेला आहे, तो सारवून-धुवून तिनं तिथं लहान पोरांचा बालवर्ग काढलाय. तिथं पाटी नाही, पाढे नाहीत, छडीही नाही, म्हणे पोरं खेळतात. मी म्हटलं, खेळायला शाळा कशाला? रस्ता काय कमी रुंद आहे?

तरी गेलो. दुसरा इलाज काय होता?

बाई तिशीची, चष्मेवाली, हळू बोलणारी. हसिनानं माझं बोट असं आवळलेलं की नख पांढरं पडलं. बाईंनी ते पाहिलं आणि पोरीला हातसुद्धा लावला नाही. मला म्हणाल्या, "आजोबा, तुम्हीपण बसा. ती आपण होऊन सोडेपर्यंत रोज येऊन बसा. फक्त मधे बोलायचं नाही, आणि कुठल्याच मुलाला मदत करायची नाही." बसायला काय दिलं? वीतभर उंचीचा पाट! माझे गुडघे कानाला लागले.

तुझ्या बापाला या वयात शाळेत बसवलंय, मकसूद. हस, हवं तर.

खोकला थोडा आहे. थंडीचा.

चाँदभाई


लोणावळा, ता. २२ डिसेंबर १९३८

मकसूद,

दुवा. उत्तर नाही, मग मीच लिहितो. तुझ्यापेक्षा पोस्टमन बरा, निदान मान हलवून नाही म्हणतो.

मी रोज पाटावर बसतो. बोलत नाही. ही शिक्षा किती मोठी आहे ते तुला कळेल, माझी जीभ तुला ठाऊक आहे. पण तिथं जे बघतोय ते कुणालातरी सांगितल्याशिवाय राहवत नाही.

तिथं एक गवळ्याची पोर आहे, हसिनाएवढीच. पितळी तांब्यातून पेल्यात पाणी ओतत होती. तांब्या तिच्या डोक्याएवढा. सांडलं. आपल्या घरी सांडलं असतं तर काय झालं असतं? "डोळे फुटले का" इथून सुरुवात. मी उठणार तोच लीलाबाईंनी नुसतं माझ्याकडं पाहिलं. बसलो. ती पोर खाली पाण्याकडं बघत राहिली, मग खुंटीवरचं फडकं आणलं, पुसलं, पिळलं, वाळत घातलं. परत तांब्या उचलला. ओरडलं कुणी नाही, शाबासही कुणी म्हटलं नाही. शेवटी पेला काठोकाठ भरला, तेव्हा तिनं जो श्वास सोडला तो मला पाटावर ऐकू आला. दुसरं एक पोर लाकडी चौकटीला लावलेल्या कापडाचं बटण लावत होतं. माझे हात शिवशिवत होते. म्हटलं, डाकगाडी येऊन जाईल तरी याचं बटण काही लागत नाही. लागलं! आणि त्यानं काय केलं? काढलं, आणि परत लावायला घेतलं. अल्लाची कुदरत आहे रे ही. आपण पोरांना काम येत नाही म्हणून हातातून काढून घेतो, आणि आपण काढून घेतो म्हणून त्यांना येत नाही. साठी उलटल्यावर हे मला कळावं!

पण खरं सांगायचंय ते पुढं आहे.

मंगळवारी लीलाबाई मधे येऊन बसल्या, हात मांडीवर ठेवले, डोळे मिटले. काही सांगितलं नाही. पोरं थोडा वेळ बघत राहिली, मग एकेक तशीच बसली. टांगेवाल्या हौशीरामाचा बजरंगसुद्धा. तो पोरगा झोपेतही लाथा झाडत असेल, पण तोही बसला. आणि तबेल्यात अशी शांतता झाली की पत्र्यावर चिमणी चालली ती ऐकू आली. जुम्म्याला मशिदीत आम्ही म्हातारे बसतो, तिथंही कुणी खाकरतं, कुणी उसासे टाकतं. इथं पोरं! मग लांबून खंडाळ्याच्या बोगद्यातून गाडी निघाली. मी जन्मभर त्या गाड्यांपाशी राबलो, पण बोगद्यातून उघड्यावर येताना तिचा आवाज असा पालटतो हे मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.  त्यातच मला खोकला आला. मफलरात तोंड खुपसून दाबला. एकाही पोरानं वळून पाहिलं नाही.

मग बाई दाराआड गेल्या आणि तिथून एकेकाचं नाव कुजबुजल्या. ज्याचं नाव येईल त्यानं पाय न वाजवता त्यांच्याकडं जायचं. "बजरंग." गेला, मांजरासारखा. "हसिना." पोरीचे डोळे असे मोठे झाले. आपलं नाव कुणी इतक्या हळू हाक मारून बोलावतं, हे तिनं कधी ऐकलंच नव्हतं. उठली. बोट मात्र सोडेना! मग मीही उठलो. मकसूद, तुझा बाप नालवाल्या बुटांनी, चवड्यावर, तबेलाभर चालत गेला. एकही पोर हसलं नाही. धोंडाबाईला सांगितलं तर ती मात्र हसून हसून भिंतीला टेकली.

पण हसिना किंचाळली नाही, हे ध्यानात घे. इतक्या जणांत, एकदाही नाही.

चाँदभाई


लोणावळा, ता. १९ जानेवारी १९३९

मकसूद,

दुवा. परवा मला वाटलं, संपलं सगळं.

आधी चांगलं सांगतो. हसिना एका हातानं खेळायची, कारण दुसऱ्या हातात मी. एका हातानं ठोकळे रचायची, एका हातानं मणी ओवायचा प्रयत्न करायची. लीलाबाई लांबून बघायच्या. परवा त्यांनी ठोकळ्यांत एक लांबट, जड फळी आणून ठेवली आणि निघून गेल्या. पोरीनं मनोरा रचला. आता वर ती फळी हवी. एका हातानं उचलली, कलली, पडली. परत. परत. ती माझ्या बोटाकडं बघायची, फळीकडं बघायची.  आणि मग तिनं बोट सोडलं. दोन्ही हातांनी फळी उचलली आणि ठेवली!

काय सांगू तुला. माझं बोट तिथंच हवेत राहिलं. ओढाताण नाही, दरडावणं नाही, फसवणं नाही. नंतर बाई म्हणाल्या, "आजोबा, हात रिकामा कर म्हटलं तर कुणी करत नाही. दोन हातांचं काम पुढे ठेवावं लागतं." मी ते घोकत घरी आलो.

पण मधे जे झालं ते ऐक. फळी ठेवली न ठेवली तोच बजरंग धावत आला आणि लाथेनं मनोरा उडवला. हसिनानं त्याचा हात धरला आणि कचकन चावली. बजरंगानं जो टाहो फोडला तो स्टेशनापर्यंत गेला असेल.

मी उठलोच. काठी घेतली. म्हटलं, चला, भुसावळचं दार बंद झालंच होतं, आता इथूनही बाहेर. यापुढं यतीमखानाच.  मला कुणासाठी इतकी भीती कधी वाटली नव्हती.

बाई दोघांच्या मधे खाली बसल्या. "बजरंग, दुखतंय?"

"व्हय."

"हसिना, बजरंगचा हात दुखतोय. त्याला काय द्यावं?"

बस्स, एवढंच बोलल्या. माफी माग नाही, कान धर नाही. हसिना भिंतीला चिकटून उभी होती.  कुणी घाई केली नाही. मग ती खुंटीकडं गेली, फडकं घेतलं, घागरीपाशी जाऊन भिजवलं, आणि ते ओलं फडकं बजरंगाच्या हातावर ठेवून दाबून धरलं. बजरंग रडायचा थांबला, नवलानंच थांबला असेल.

"गार हाय," तो म्हणाला.

पाणी गळतंय, ती धरून बसलीय. मग त्यानंच दुसऱ्या हातानं पडलेले ठोकळे गोळा करायला घेतले. कुणी सांगितलं नव्हतं. मी काठी घेऊन तसाच उभा. बाई म्हणाल्या, "आजोबा, कुठे निघालात? वर्ग सुटायचाय अजून."

दुसऱ्या दिवशी सकाळी हौशीरामानं रस्त्यात टांगा थांबवला आणि खाली उतरला. आता दोन शब्द ऐकायचे म्हणून मी तयारीत राहिलो. तो वाकून हसिनाकडं बघत म्हणाला, "आबा, आमच्या बज्याला चावनारं पोर जल्माला आलंय म्हंत्यात, त्ये बघाया आलो." आणि आम्हा दोघांना टांग्यात घालून बालवर्गात सोडलं. हसिनाला पुढं, त्याच्याजवळ बसवून. ती किंचाळली नाही.

नसीमला सांग. नाही सांगितलंस तरी मी लिहिलंय.

खोकला आहे. हवा दमट आहे.

चाँदभाई


लोणावळा, ता. १४ फेब्रुवारी १९३९

मकसूद,

दुवा. आज तुला आगगाडीची गंमत सांगतो. तूही याच स्टेशनात वाढलास, तुला कळेल.

लीलाबाईंनी पोरांना अंगणात उभं केलं. "चला, आगगाडी करू. बजरंग सगळ्यांत दांडगा, तो पुढे इंजिन. झुक झुक, झुक झुक!" पोरं हलेनात. एकमेकांची तोंडं बघायला लागली. शेवटी बजरंगालाच राहवेना.

"बाई, दांडगा म्होरं नसतो. दांडगा म्हागं लागतो. बँकर."

"आन झुक झुक न्हाई करत," गवळ्याची पोर म्हणाली. "हूंऽऽऽ करतंय."

बरोबरच आहे. घाटात विजेची इंजिनं येऊन वर्षं झाली. या पोरांनी घाटातला धूर पाहिलाच नाही, तो आमच्या छातीत राहिला. दुसरी कुणी मास्तरीण असती तर म्हणाली असती, मी सांगते तसं करा. लीलाबाईंनी चष्मा काढला, पुसला, आणि विचारलं, "मग पुढे कोण?"

बजरंग म्हणाला, "म्होरं रडकं लावायचं. त्याला वाटतं गाडी आपुनच वडतुया. मंग रडत न्हाई."

तोंडात बोट घालायची वेळ आली रे माझ्यावर! त्या दिवशी आलेलं नवं रडकं पोर पुढं लावलं, बाई मधे डबा झाल्या, आणि बजरंग मागून रेटायला. विहिरीपाशी कर्जत, जांभळीखाली लोणावळा, फाटकापाशी पुणं. रडकं पोर नाक ओढत चढ चढलं आणि जांभळीपाशी पोचेस्तोवर हसत होतं. मग सगळ्यांनी गिल्ला केला, "लोणावळं आलंऽऽ! बँकर सुटला!" बजरंगानं पुढच्याचा सदरा सोडला, गाडी पुण्याला गेली, आणि तो एकटा हूं करत विहिरीकडं परत. कुठल्याही पोराला विचार काय व्हायचं, तर बँकर. पुढं कुणालाच नको! मी पाटावर बसून बघत होतो आणि मला वाटलं, हे कुणी यांना शिकवलं? आम्ही तर नाही. आम्ही फक्त साखळ्या काढल्या.

गेल्या आठवड्यात हसिनाची पाळी आली. पुढच्या पोरीचा झगा दोन्ही मुठींत धरून तिनं अशी रेटली की गाडी पळायलाच लागली. जांभळ आली. "लोणावळं आलंऽऽ!" सोडेना. "सुट गं! सुट!" सोडेना. तशीच पुण्यापर्यंत गेली, झगा मुठीत, ओठ आवळलेले.  म्हटलं, झालं, ही परत दोन वर्षांची झाली.

 बजरंग तिच्यापुढं जाऊन कमरेवर हात ठेवून उभा राहिला. "अगं, बँकर न्हाई सुटला तर म्हागल्या गाडीला कोन ढकलंल?"

आणि बोट दाखवलं. विहिरीपाशी दुसरी गाडी खरंच उभी होती. पुढं तेच रडकं पोर, वाट बघत.

हसिनानं त्या पोराकडं पाहिलं.  मग मुठी उघडल्या आणि उतारावरून एकटी चालत गेली, माझ्यापुढून गेली, माझ्याकडं न बघता. जन्मभर मी बँकर सोडले, पण सुटलेला बँकर परत जाताना कसा दिसतो ते बघायला कधी थांबलो नव्हतो. साखळी काढायची आणि बाजूला व्हायचं. या खेपेला बघितलं. डोळे भरून बघितलं, आणि डोळे खरंच भरले.

आता मी आत बसत नाही. माझा मफलर तिथल्या खुंटीवर असतो. लीलाबाईंनी सुचवलं, हसिनानं मान हलवली. मफलर आहे म्हणजे आबा येणार, एवढं तिला पुरतं. मी स्टेशनवर जाऊन चहा पिऊन येतो. परवा वाटेत दम लागला म्हणून पुलाच्या कठड्यावर बसलो, तर धोंडाबाईनं पाहिलं आणि आरडाओरडा केला. तुला तिचं कार्ड आलं तर लक्ष देऊ नकोस. बायकांना राईचा पर्वत करायची हौस.

चाँदभाई


लोणावळा, ता. ९ मार्च १९३९

नसीम बेटी,

दुवा आणि सलाम दोन्ही. तुझं पत्र आलं. मी ते उभ्याउभ्या वाचलं, मग बसून वाचलं.

म्हणजे माझी पत्रं चुलीत गेली नाहीत. मकसूद फोडत नाही आणि तू फोडून मोठ्यानं वाचतेस, तो कोपऱ्यात कंदिलाची काच पुसत बसतो. काच केव्हाच स्वच्छ झालेली असते, असं तू लिहिलंस. आणि पोरगी बजरंगाला चावली तिथं तू पाणी प्यायला थांबलीस तर तो म्हणाला, "मग?" वा रे माझ्या पठ्ठ्या! त्या एका "मग" साठी मी अजून शंभर पत्रं लिहीन.

तू विचारलंस, "अब्बा, प्रत्येक पत्रात खोकला आहे. तो आहे तरी किती?" माझ्या पोटच्या पोराला जे सुचलं नाही ते तुला सुचलं, तेही हातावर दात घेऊन गेलेल्या तुला. तर ऐक. पुष्कळ आहे. फडक्यात लाल येतं. डॉक्टर म्हणतात, पावसाळ्याच्या आत लोणावळा सोडा आणि पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात पडून राहा. पोराबाळांजवळ झोपायचं नाही असंही म्हणाले. म्हणून मी आता ओट्यावर झोपतो आणि हसिना रात्री धोंडाबाईकडं असते. पहिल्या रात्री तिनं मफलर मागून नेला, दुसऱ्या रात्री मागितला नाही. एवढं मकसूदला वाचून दाखवू नकोस.

बरं, दाखव.

एक मागतो. तिला न्यायला येऊ नका. नुसतं बघायला या. लीलाबाईंनी तुझ्यासाठी माझा पाट ठेवलाय. पण बोलायचं नाही, हाका मारायच्या नाहीत, काही द्यायचं नाही. नुसतं बसायचं. मला जमलं, मग तुला का नाही जमणार?

तुझा,
चाँदभाई


लोणावळा, ता. २० एप्रिल १९३९

मकसूद,

दुवा. तुझा सलाम पोचला. या खेपेस पाया पडायला वाकलास तेव्हा मी तुला लगेच उचललं, कारण अजून थोडा वाकलो असतो तर मलाच उचलायला कुणीतरी लागलं असतं.

तू दोन गोष्टी पाहिल्या नाहीस. त्या लिहून ठेवतो, म्हणजे नसीम तुला वाचून दाखवील. सवय झालीय तुम्हाला.

पहिली बालवर्गातली. तू जांभळीखाली हौशीरामाच्या टांग्याला टेकून उभा राहिलास, आत यायची हिंमत झाली नाही तुझी. नसीम पाटावर बसली. हसिनानं तिला ओळखलं आणि मागं सरली. माझ्यामागं नाही रे, बजरंगामागं! मी दारात असूनही. मला आनंद झाला आणि काळजात कळही आली. नसीम हलली नाही. पोरं पाणी ओतत होती, मणी ओवत होती, हसिना कोपऱ्यातून बघत होती. मग पुढं आली, थोडी, अजून थोडी. नसीमच्या मांडीवरचा हात तिनं उलटा करून पाहिला. मनगट न्याहाळलं. तिथं आता काय असणार? वळ केव्हाच गेले. तरी पोर खुंटीकडं गेली, फडकं घेतलं, घागरीत बुडवलं आणि आणून त्याच जागी ठेवलं. दोन्ही हातांनी दाबून धरलं.

दुसरी कुणी असती तर म्हणाली असती, नाही गं, आता दुखत नाही. तुझी बायको तसं म्हणाली नाही. लुगडं भिजलं तरी हात तसाच धरला, आणि हळूच म्हणाली, "गार आहे." ते तिनं माझ्या पत्रात वाचलं होतं. लीलाबाई भिंतीकडं तोंड करून चष्मा पुसत उभ्या राहिल्या. मी असं काही आयुष्यात पाहिलं नाही, मकसूद. मी हज केली नाही, पण त्या तबेल्यात मला जे दिसलं त्यासाठी अल्लाचे आभार मानले.

नंतरचे दिवस तू पाहिलेच आहेस. ती तुझ्या खांद्यावर बसून खंडाळ्याला गेली. नसीमच्या हातून जेवली. त्याबद्दल मी लिहीत नाही.

दुसरी गोष्ट काल, स्टेशनात, तुम्ही तिला भुसावळला घेऊन निघालात तेव्हाची. तू ट्रंका चढवत होतास, नसीम आत जागा धरत होती. हसिना माझ्यापाशी होती. तिनं जुन्या सवयीनं माझं बोट धरलं होतं. मी ठरवलं होतं, आपण सोडवायचं नाही. ते काम मी या प्लॅटफॉर्मवर पुष्कळ केलं, पण या एका साखळीला हात लावायचा नाही. पण मनातून घाबरलो होतो. तिनं टाहो फोडला तर? तुझा चेहरा परत बदलला तर? आणि खरं सांगू? सोडलं नाही तर बरं, असंही एक मन म्हणत होतं.

गार्डानं शिट्टी मारली. पोरीनं वर पाहिलं.

"आबा, लोणावळं आलं. सुट आता."

मी म्हटलं, "मी बँकर व्हय गं?"

"व्हय." आणि मग मला समजावत, कमरेवर एक हात ठेवून, अगदी त्या बजरंगासारखी: "तू न्हाई सुटला तर म्हागल्या गाडीला कोन ढकलंल?"

आणि मूठ उघडली. तिनंच उघडली. दुसऱ्या घटकेला ती पायरी चढत होती, दोन्ही हातांनी दांडा धरून, आणि दारातून नसीमनं तिला हात दिला नाही. शहाणी आहे तुझी बायको. पोर आपली आपण चढली.

गाडी घाट उतरणार होती, तिला कसला बँकर? पण ते तिला मी कशाला सांगू? जिथं जन्मभर साखळ्या काढल्या तिथंच उभा राहून मी रडलो. पोर्टर लोकांनी पाहिलं, पाहू दे.

दवाखान्यात सोमवारी जायचंय. तिथून सुटलो की भुसावळला येईन. तुमच्याकडच्या उन्हात छाती वाळून खडखडीत होईल, अशी धोंडाबाईची खात्री आहे. इन्शाल्ला.

हे लिहितोय तोवर लीलाबाईंचा निरोप आला. फाटकवाल्या रखमाजीची नात आजपासून बालवर्गात आलीय आणि दाराचा खांब धरून बसलीय, आत यायला तयार नाही; तुम्ही याल का, असं विचारलंय. मला पोरांजवळ बसायचं नाही, ते बाईंना ठाऊक आहे. मी म्हटलं, जांभळीखाली, लांब, वाऱ्याला बसेन. तिला दिसलो म्हणजे झालं. मफलरही धुऊन खुंटीवर ठेवलाय, तो तिथंच राहू दे.

निघतो. पोर रडतंय म्हणे.

तुझा बाप,
चाँदभाई